पहिलवानाची बायको

कोकबला दोन नवरे झाले. पहिला रजबअली. तो उंटाच्या लोकरीचे अंगरखे विणायचा आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत तापाने गेला. दुसरा पहिलवान. आता पहिलवान म्हणजे कुणी दंड थोपटणारा माणूस नव्हे हो, तो आमच्या कोहनाबचा भुयारी कालवा. डोंगराच्या पायथ्याशी निघतो, वाळवंटाच्या पोटातून अंधारात येतो आणि जुन्या मशिदीच्या पलीकडे उजेडात पडतो. कुणी खणला, केव्हा खणला, ते विचारू नका. मशिदीपेक्षा तो जुना आहे एवढं आम्हाला माहीत. त्याच्या जिवावर बागा आहेत आणि बागांच्या जिवावर शहर. तो आटला तर गाठोडी गाढवावर टाकून वाट धरायची, दुसरं काय?

पाण्यातही बाई आणि बाप्या असतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. गोड, मऊ, बारमाही पाणी ते बाईचं. पहिलवानाचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, आणि उन्हाळा आला की स्वारी रुसून बसते. म्हणजे बाप्याच! आणि बाप्या एकटा राहिला की त्याचं कशात लक्ष लागत नाही, हे काय नव्याने सांगायला हवं? म्हणून तो आटायला लागला की त्याचं लग्न लावून द्यायचं, एखाद्या विधवेशी. तिने दर आठवड्याला पाण्यात उतरून आंघोळ करायची, दुसऱ्या कुणाकडे मान वर करून बघायचं नाही, आणि त्याबद्दल शहराने तिच्या घरी वर्षाचा गहू टाकायचा. असं फार पूर्वीपासून चालत आलंय.

ज्या हिवाळ्यात डोंगरावर बर्फाचा कण पडला नाही, त्या हिवाळ्याच्या शेवटी मीराब फत्हुल्ला कोकबच्या दाराशी आला. मीराब म्हणजे पाण्याच्या पाळ्या लावणारा, आमचा पाटकरीच म्हणा ना. पांढरी दाढी, हातात काठी, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय.

"पोरी, तुझं वय ते काय! असं एकटीनं किती दिवस काढणार?"

कोकबला वाटलं, म्हातारा स्थळ घेऊन आला. तिने डोक्यावरची चादर नीट केली, चहा टाकला. "कुणाकडचं आहे, काका?"

"घरचंच म्हण. शांत आहे. दारू नाही, अफू नाही, हात उगारणार नाही. सगळं शहर त्याचं नाव काढतं."

"नाव तर सांगा."

मीराबने घसा खाकरला. "पहिलवान."

कोकब इतकी हसली, की चहा उतू गेला. पण म्हातारा हसत नव्हता. मग तिने विचार केला. घरात पीठ संपत आलेलं, भावजय उठता-बसता टोचून बोलणारी, आणि रजबअलीचा माग विकून झालेला. पाण्याशी लग्न म्हणजे एक जेवण आणि आठवड्याची आंघोळ, यात जाणार काय आपलं? पाणी आलं तर बरंच, नाही आलं तर वर्षभरात लोक आपणहून सोडून देतील. असा हिशोब करून ती हो म्हणाली. इथेच तिची चूक झाली.

लग्न मात्र थाटात झालं. हाताला मेंदी, डोक्यावर हिरवी ओढणी, पुढे डफ. आखुंदसाहेब, म्हणजे आमच्या मशिदीचे मौलवी, आधीच सांगून मोकळे झाले होते, की पाण्याशी निकाह लागत नाही, असलं काही मी वाचणार नाही. तसे ते घरी गेले आणि पुलाव वाढायच्या वेळेला परत आले. मग नवऱ्याच्या बाजूने मीराबच वकील म्हणून उभा राहिला, आणि बायकांनी कोकबला पायाबात नेलं. पायाब म्हणजे मशिदीच्या मागच्या त्या पायऱ्या, जमिनीच्या पोटात उतरत थेट पहिलवानापर्यंत जाणाऱ्या. खाली गारठा, मिणमिणता दिवा, आणि घोट्याएवढं पाणी. कोकब त्यात बसली, दात वाजले, वर बायकांनी जिभा हलवून आनंदाची हुलहुली घातली. झालं लग्न.

आणि पुढच्या हिवाळ्यात काय व्हावं? डोंगर पांढरा झाला! वसंतात पहिलवान असा काही फुगून आला, की बागांचे बांध फुटले. लोकांनी मिठाई वाटली. मीराबने कोकबच्या दारात येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला. झालं, पोरगी अडकली. पाणी आलं नसतं तर सुटली असती बिचारी.

तेव्हापासून ती सगळ्यांची वहिनी. पहिलवान सगळ्यांचा मोठा भाऊ, म्हणून ती वहिनी. म्हातारेसुद्धा तिला वहिनी म्हणत, आणि तक्रारी घेऊन तिच्याकडेच येत.

"वहिनी, आज तुमचे हे गढूळ आहेत. माझी चादर धुवायची होती!" शेजारीण तूबा भिंतीवरून ओरडायची. तूबाची जीभ म्हणजे कात्री, पण मन साफ.

"रात्री जागरण झालंय त्यांना, उद्या धू."

"आणि माझे कांदे वाळले त्याचं?"

"तुझ्या नवऱ्याला सांग, पाळीच्या वेळेला घोरू नको म्हणावं. माझ्या नवऱ्याला काय सांगतेस?"

असं हसतखेळत चालायचं. पण एकदा ती बहिणीच्या घरी यज्दला गेली, आणि त्याच आठवड्यात पाणी थोडं उतरलं, तर मीराबने मागोमाग ट्रक पाठवून तिला परत आणलं. नवऱ्याला टाकून कुठे जातेस, म्हणाला. बहिणीच्या हातचं धड दोन घास जेवलीही नव्हती ती. परत येताना ट्रकमध्ये मिठाच्या पोत्यांवर बसून तिला पहिल्यांदा कळलं, की हे लग्न चेष्टेचं नाही. वर्षं अशीच गेली. केसात चांदी दिसायला लागली. दिवस कामात निघून जायचा, पण संध्याकाळी एकटीचं ताट वाढायचं तिच्या जिवावर यायचं, आणि ते सांगायचं कुणाला? नवरा तर जमिनीखाली.

मग तो बसचा दिवस आला. वसंतात तेहरानहून पाहुण्यांच्या बस येतात. जुनी मशीद बघतात, मातीचा किल्ला बघतात, किती शांत आहे, किती शांत आहे, असं मोठमोठ्यानं म्हणतात आणि निघून जातात. त्या दिवशी कोकब कालव्याच्या तोंडाशी भांडी घासत बसली होती. काळा चष्मा घातलेली एक बाई तिच्याजवळ आली. बाई बोलायला चांगली होती. मुलं किती, घर कुठं, सगळं विचारून झाल्यावर म्हणाली, "आणि तुमचे मिस्टर काय करतात?"

"वाहतात," कोकब म्हणाली आणि पातेलं विसळायला लागली.

पलीकडे शाबान फावडं धूत होता. तो जो हसायला लागला, तो काठावरून घसरून गुडघाभर पाण्यात पडला. बाई घाबरून बसकडे पळाली. कोकबने मान वर करून बघितलं. तसं बघायचं नसतं, पण बघितलं.

शाबान विधुर. पाण्याच्या अगदी शेपटाकडे त्याची डाळिंबाची बाग. वरच्या बागा पिऊन उरेल ते याच्या वाट्याला. अंगाने काटक, डोक्यावर विणलेली टोपी, आणि तोंडाला लगाम नाही. त्या दिवसापासून त्याची पाळी असो नसो, तो कालव्याच्या तोंडाशी हजर! आल्या आल्या वाकून पाण्याला सलाम करायचा.

"पहिलवान दादा, तुमच्या बायकोशी दोन शब्द बोलू का?" कान लावून ऐकल्यासारखं करायचा. "बघ, काही म्हणत नाहीत. म्हणजे हरकत नाही."

"मेल्या, कुणी ऐकेल!"

"ऐकू दे की! पाण्याला म्हणे बायको हवी. उद्या माझ्या गाढवासाठी सासू शोधतील. कोकब, तुला हे खरं वाटतं का गं?"

"मला काय वाटतं ते कधी कुणी विचारलंय?"

"मी विचारतोय ना."

हे ऐकलं आणि कोकबच्या हातातला भांडी घासायचा खजुराचा काथ्या तसाच राहिला. रजबअलीनेही तिला कधी असं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "नाही वाटत. बर्फ पडला म्हणून पाणी आलं." एवढं बोलली आणि तिला भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं, की घरी जाताना ती गुणगुणत गेली. तूबाने भिंतीवरून डोकं काढलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! कोण गं तो?"

डाळिंबं फुलायच्या सुमारास शाबानने सरळ विचारलं. माझ्या घरी येशील का? कोकब म्हणाली, शहर येऊ देणार नाही. शाबान छातीवर हात मारून म्हणाला, "शहर गेलं खड्ड्यात. बाग वाळली तरी बेहत्तर, मीठ विकीन, पण तुला नेणार म्हणजे नेणार." कुणी आपल्यासाठी असं छाती ठोकून बोलावं, हे कोकबला नवीन होतं. तिने त्यावर सगळा जीव टाकला. त्या दिवसापासून तिला दुसरं काही नको होतं. फक्त मोकळं व्हायचं होतं आणि शाबानच्या घरात त्याच्यासाठी स्वयंपाक करायचा होता.

शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात पाळ्यांची बैठक बसते. कोकब तिथे गेली आणि बायकांच्या बाजूने उभी राहून खणखणीत आवाजात म्हणाली, "मीराब काका, मला फारकत हवी."

आधी कुणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला.

"कुणापासून?" एकाने खोचकपणे विचारलं.

"किती नवरे आहेत मला?"

मीराबचा चेहरा पडला. "पोरी, काय कमी केलं त्यानं तुला?"

"काका, तो बोलत नाही, जेवत नाही, आजारी पडले तर कपाळावर हात ठेवत नाही. आणखी काय कमी करायचं राहिलंय?"

बायका चादरीआड हसल्या. मग सगळे आखुंदसाहेबांकडे वळले. ते म्हणाले, "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हा निकाह नव्हेच. जे जुळलंच नाही ते तोडायचं कसं? बाई मोकळीच आहे."

"पुलाव खाताना हे आठवलं नाही का, साहेब?" तूबा मागून ओरडली. आखुंदसाहेबांनी माळ ओढायला घेतली.

मीराब वाईट माणूस नव्हता. तो घाबरलेला माणूस होता, आणि त्याच्या जागी कुणीही घाबरला असता. सगळ्यांच्या बागा त्याच्या गळ्यात होत्या. त्याने घसा खाकरून तोड काढली. या उन्हाळ्यात कोकबने पाण्यात उतरायचं नाही. डाळिंबं लाल होईपर्यंत पहिलवान टिकला, तर तिला मोकळं करायचं. तो आटायला लागला, तर तिने पुन्हा हा विषय काढायचा नाही.

"मान्य!" शाबान सगळ्यांच्या मधून उभा राहिला. "आणि ती मोकळी झाली की मी तिला नेणार, हेही ऐकून ठेवा." कोकबचे कान लाल झाले. पुरुषांनी त्याच्याकडे रागाने बघितलं, पण तो खाली बसला नाही. त्या घटकेला तो खरोखर उभा होता, हे खोटं कशाला सांगू?

उन्हाळा आला. त्याच उन्हाळ्यात हमरस्त्याच्या पलीकडे कुणा बड्या माणसाने पिस्त्याची बाग लावली, खोल विहीर मारली आणि मोटर बसवली. तिची धडधड वारा असला की आमच्या गच्चीवर ऐकू यायची. आणि पहिलवान उतरायला लागला. आधी गुडघाभर होता, मग घोट्याएवढा, मग वरच्या बागांचीच पाळी धड होईना. मोटरीमुळे होतंय हे काय कळत नव्हतं लोकांना? सगळ्यांना कळत होतं. पण मोटरीचा मालक तेहरानात, त्याचं तोंडही कुणी बघितलेलं नाही. कोकब मात्र शेजारच्या बोळात. मग राग कुणावर काढणार? जी हाताशी असते तिच्यावर!

बोळात ती दिसली की बायका बोलायच्या थांबत. भाकरीच्या भट्टीवर तिची पाळी आली की पीठ संपलेलं असे. एका सकाळी दारात कुणीतरी वाळलेल्या काकडीचे वेल आणून टाकले होते. तूबासुद्धा एकदा म्हणून गेली, "मला काय गं, माझं तुझ्यावर प्रेम आहे, पण पोरांना काय घालू?" आणि मग स्वतःच रडत घरात गेली.

कोकब पाण्यात उतरली नाही. ती घरात बसून लोकर कातायची आणि मनात म्हणायची, बोलू देत. एक माणूस आहे माझ्या बाजूला, तेवढा पुरे. पण तो एक माणूस यायचा कमी झाला होता. आधी रोज, मग अधूनमधून, मग त्याच्याऐवजी निरोप, की पाळीची वाट बघतोय, बाग सोडून येता येत नाही.

मग एके दिवशी दारावर पुरुषांच्या कडीचा जाड आवाज झाला. आमच्या दारांना दोन कड्या असतात, बाईमाणसाची वेगळी, पुरुषाची वेगळी, म्हणजे आतल्या बाईला कळतं कोण आलंय ते. कोकबने ओढणी घेऊन दार उघडलं. शाबान उंबऱ्यावरच थांबला. चेहरा उतरलेला, हातात टोपी. सलाम नाही, चेष्टा नाही.

"झाडांची पानं गळायला लागलीत, कोकब."

"मोटरवाल्याला गाठा की सगळे मिळून."

"तो भेटतोय होय! त्याचा माणूस कुत्रं अंगावर सोडतो."

"मग?"

तो टोपी फिरवत राहिला. "मी म्हणतो... एकदा उतरून बघ ना."

"कुठे उतरू?" तिला कळलं होतं, तरी तिने विचारलं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं तिला.

"पायाबात. एकदाच गं. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"लोकांचं राहू दे बाजूला. तुला काय वाटतं?"

शाबानने वर बघितलं नाही. "कुणास ठाऊक. असेलही काहीतरी. आपले वाडवडील काय वेडे होते?"

कोकब त्याच्याकडे बघतच राहिली. लोकांनी तोंड फिरवलं तेव्हा तिला राग आला होता. आता राग आला नाही, आपलं माणूस गेल्यासारखं वाटलं. रजबअली गेला त्या दिवशी वाटलं होतं तसं. त्या दिवशी निदान जाणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. ती म्हणाली, "बरं."

"खरंच?" त्याचा चेहरा क्षणात उजळला. "देवमाणूस आहेस तू! पुढच्या वर्षी पाणी आलं की बघ, आपण पुन्हा..."

"जा तू. तुझी पाळी चुकेल."

ती गेली. वरच्या पायरीवर तूबा पहाऱ्याला बसली. खाली पाणी पावलं बुडतील न बुडतील इतकंच होतं. त्यात बसायचं म्हणजे चिखलात बसायचं. कोकब बसली आणि ओंजळीने अंगावर पाणी घेता घेता तिला जो हुंदका फुटला तो थांबेना. भुयारात आवाज घुमत लांबवर गेला. "तुला काय बोलू रे," ती पाण्याला म्हणाली, "तू काही मला मागून घेतलं नव्हतंस. तुझ्यावर माझा राग नाही." आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती. तूबाने वरून विचारलं, काय झालं गं? कोकबने सांगितलं, गार आहे.

ती वर आली तर अर्धं शहर जमलेलं. वहिनी आली, वहिनी परत आली! कुणी सरबत आणलं, कुणी कोरडी चादर. भट्टीवाल्याने घरी गरम भाकऱ्या पाठवल्या. गर्दीच्या मागे, कालव्याच्या काठावर शाबान फावडं घेऊन उभा होता आणि पाण्याकडे बघत होता. पाण्याकडे! तिच्याकडे नाही.

पाणी वाढलं नाही. मोटर चालूच होती, ते वाढणार कुठून? कोकब पुन्हा उतरली, पुन्हा उतरली, लोकांनी सांगितलं तितक्या वेळा उतरली, आणि पहिलवान दोरीएवढा बारीक झाला. शेपटाकडच्या बागा गेल्या. वरच्या कशाबशा तगल्या. भाकऱ्या यायच्या बंद झाल्या.

मग मीराब आला. या खेपेला त्याने चहाही घेतला नाही. "पोरी, बैठकीत ठरलंय. तुझा पायगुण त्याला मानवत नाही असं लोक म्हणतात. पलीकडच्या मोहल्ल्यातली एक बाई तयार आहे. तुला मोकळं करायचं."

बघा आता! आला तर त्याचा पराक्रम आणि आटला तर हिचा पायगुण. इतकी वर्षं त्या गारठ्यात बसून जिचे गुडघे कायमचे धरले, तिला आता नापास करून घरी पाठवत होते. कोकबने मात्र वाद घातला नाही. मीराबने नवऱ्याच्या वतीने तीनदा फारकतीचे शब्द उच्चारले, दोन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली, आणि उठताना म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मला माफ कर. मी तुझं भलं बघायला हवं होतं, मी पाणी बघितलं."

"तुमचं कामच ते, काका," कोकब म्हणाली. आणि हे ती मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुरुषांच्या कडीचा आवाज. शाबान! दाढी केलेली, धुतलेला सदरा, हातात रंगीत कागदात गुंडाळलेला साखरेचा उंच कोन, मागणी घालायला नेतात तो. बरोबर त्याची मोठी बहीण, गोल चेहऱ्याची, घामाघूम, खूश. वाळवंटात सगळं गमावून बसलेला माणूस, पण त्या दिवशी त्याच्या तोंडावर बागेचं दुःख नव्हतं. तो हसत होता, पूर्वीसारखा.

"आता कुणाची आडकाठी नाही, कोकब!"

पाहुण्यांना उंबऱ्यावर ठेवायची आमच्याकडे रीत नाही. कोकबने सतरंजी टाकली, चहा ओतला, खडीसाखरेची वाटी पुढे केली. बहिणीने घर न्याहाळलं, भिंती स्वच्छ आहेत म्हणाली. कोकब समोर बसली.

"एक विचारू, शाबान? मी उतरले, आणि पाणी वाढलं असतं तर?"

"वाढलं नाही ना! सुटलीस की!"

"पण वाढलं असतं तर? आज तू कुठे असतास?"

शाबानने चहाचा पेला तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. बहिणीला वाटलं, गप्पा चालल्यात. ती हसून म्हणाली, "बागेत असता, आणखी कुठे? पाणी आल्यावर कुणी पाळी सोडतं का?"

"तेच," कोकब म्हणाली.

"कोकब, ऐक. तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. झाडं मरत होती गं. माझ्या हातची झाडं."

"मला माहीत आहे. झाडांसाठी तू रडला असतास तर मी तुझ्याजवळ बसून रडले असते. मोटरवाल्याच्या कुत्र्यासमोर तुझ्याबरोबर उभी राहिले असते. मीठ विकायला गाढवामागे चालत आले असते. तू मला यातलं काहीच सांगितलं नाहीस. तू सांगितलंस, उतर." तिचा आवाज चढला नव्हता. "शहराने मला पाण्याला दिलं, तेव्हा मी शहराची कुणी नव्हते. पण तुझी होते की नाही? तू मला तिथून काढलंस आणि तूच परत नेऊन ठेवलंस. मी काय फावडं आहे, पाळी आली की न्यायचं आणि पाळी संपली की भिंतीला टेकवून ठेवायचं?"

बहीण एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. शाबानने पेला खाली ठेवला.  कोकबने साखरेचा कोन दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"चहा घेऊन जा. गार होतोय."

त्याने चहा घेतला नाही. दोघं गेली. बोळाच्या वळणापर्यंत बहिणीचा आवाज येत होता, काय म्हणाली ती, मला काही कळलंच नाही, काय म्हणाली?

कोकबने दाराला अडसर लावला, तिथेच उंबऱ्याशी खाली बसली आणि तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडली. तिला तो हवा होता. मोकळी झाली त्या दिवशी हवा होता, साखर परत केली त्या क्षणीही हवा होता, आणि बोळात त्याची पावलं वाजत होती तोवर तिचा हात दोनदा अडसरावर गेला. तिने अडसर काढला नाही.